टेकडीवरची जांभळी कोरांटी

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरगावच्या ऑफिसात, काचेच्या एका मीटिंग रूममध्ये कोणाला तरी काहीतरी पटवून देत होते. काय ते आता आठवतही नाही. फोनवर तिचा मुलगा, आनंद. "आई गेली गं मेधा. सकाळी चहा घेत होती, आणि..." अशा वेळी आपल्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. मी विचारलं, शेवटचं काय बोलली? तो म्हणाला, मलाच ओरडली, अडुळशाला कशाला रोज पाणी घालतोस, मारशील त्याला. मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून मोठ्यांदा हसले आणि लगेच रडू लागले. समोरून येणारी मुलं बिचकून बाजूला झाली. आता पाच आठवडे झाले आहेत, आणि लिहायला बसले तर पुन्हा तेच होतंय, आधी हसू आणि मग डोळे. पण हसू जास्त, कारण ती बाई होतीच तशी. तिच्याबरोबर कुठेही जा, भाजीला जा नाहीतर तेराव्याला, परत येताना काहीतरी मोठा शोध लागल्यासारखं वाटायचं.

इंदूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्यात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न करून दिल्लीला आली आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात क्लार्क म्हणून लागली ती निवृत्त होईपर्यंत. राहायला सरोजिनी नगरचा सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. दिल्लीतलं पहिलं वर्ष तिने रडून काढलं असं ती स्वतःच सांगायची. मग एका रविवारी काका तिला तुघलकाबादचा किल्ला दाखवायला घेऊन गेले. काका तट बघत होते, हिचं लक्ष तटाखाली. तिथे अडुळशाचं रान माजलेलं! खोकल्याला काढा करायचा तोच आपल्या परसातला अडुळसा, ओठ उघडल्यासारखी तीच पांढरी फुलं. मावशी म्हणायची, "मला माहेरचं माणूसच भेटलं गं. म्हटलं, हा इथे राहतो तर याचे भाऊबंदही असतील." झालं. दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस कॉलनीभर फिरून दारांवरच्या पाट्या वाचतो, आपलं कोणी सापडतंय का बघतो. मावशीने तेच केलं, फक्त झाडांच्या बाबतीत.

अडुळशाचं कुळ मोठं आहे. कोरांटी त्यातली, अबोली त्यातली, आपल्या घाटात सात वर्षांनी फुलणारी कारवीही त्यातलीच. दिल्लीच्या लॉनमध्ये पावसाळ्यात जांभळी फुलं येणारं ते रोप, ज्याच्या शेंगा पोरं थुंकी लावून हातात फोडतात, तेही यांच्यातलंच. या घराण्याची खूण म्हणजे शेंग. ती वाळली की तडकते आणि आतले बारीक आकडे बी भिरकावून देतात. मावशीने वीस-बावीस वर्षं, सुट्टीचा रविवार आणि डीटीसीची बस एवढ्या भांडवलावर, यातलं कोण दिल्लीत कुठे राहतं ते शोधून काढलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर दिल्लीचा नकाशा होता आणि त्यावर टिकल्या. सरोजिनी नगर मार्केटातून आणलेल्या, कपाळाला लावायच्या टिकल्या! अडुळशाला हिरवी, पिवळ्या कोरांटीला पिवळी, बाकीच्यांना चंद्रकोरी नाहीतर खड्याच्या. आणलेल्या फांद्या वर्तमानपत्रात घालून दिवाणाच्या गादीखाली दाबायला ठेवायची. आलेल्या पाहुण्यांना ती वजन बघून जागा द्यायची. दिल्लीतल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी अंगाने भरदार होते. त्यांना चहाबरोबर चिवडा मिळायचा आणि दुसरा चहाही, उठू नयेत म्हणून. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग नव्वदीनंतर दिल्ली हातपाय पसरू लागली. क्वार्टर सोडावे लागलेले लोक नोएडा, फरीदाबाद, गाझियाबाद, गुरगाव अशा ठिकाणी फ्लॅट घेऊन जाऊ लागले आणि मावशीचा नकाशा कमी पडायला लागला. तिने त्याला चारी बाजूंनी आलेखाचे कागद डकवले. मी पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा नकाशा एका बाजूने दरवाजाच्या चौकटीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने फ्रिजच्या मागे गेला होता. फ्रिजमागे गुरगाव होतं. काका म्हणायचे, बर्फ हवा असला तर हरियाणा ओलांडून जावं लागतं.

माझी नोकरी गुरगावलाच, एका सॉफ्टवेअर कंपनीत. रोज सरोजिनी नगरहून जाणं झेपेना म्हणून मावशीने माझी सोय साळवेकाकूंकडे केली. रूथ साळवे, मूळच्या अहमदनगरच्या, साळवेकाका एअर फोर्समधून निवृत्त झालेले. आधी मावशीच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. काकू दर रविवारी चर्चला जायच्या आणि दर संक्रांतीला मावशीच्या हळदीकुंकवाला यायच्या. कुंकू लावायच्या नाहीत, पण तिळगूळ आणि वाण हक्काने न्यायच्या. त्यांच्या नव्या सोसायटीच्या मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे अरवलीची एक उघडीबोडकी टेकडी. आजूबाजूला क्रेन, बिल्डरांच्या जाहिरातींचे फलक, खणलेले रस्ते. मावशी मला भेटायला म्हणून यायची आणि तडक टेकडीवर जायची.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी ती टेकडीवरून अक्षरशः पळत खाली आली. साडीला काटे, चपलेचा अंगठा तुटलेला, हातात एक फांदी. "मेधा, अगं कोरांटी! जांभळी!" मला त्यात काही कळलं नाही. कोरांटी काय, कुठेही असते. मग तिने मला धरून बसवलं आणि सांगितलं. ही दिल्लीतली पिवळी कोरांटी नव्हे. ही आमच्या जुन्नरच्या बाजूला घाटाच्या तोंडाशी, खडकात येते ती. तिने आणि माझ्या आईने लहानपणी जिचे गजरे केले ती. ती सह्याद्रीच्या बाहेर मिळत नाही असं सगळी पुस्तकं सांगतात, आणि इथे, हजारभर किलोमीटरवर, अरवलीच्या टेकडीवर तिची पन्नास-साठ झुडपं फुललेली! "म्हणजे ती इथे पहिल्यापासून आहे. कुणी बघितलीच नाही. मधले डोंगर कधीतरी जोडलेले असणार, समजतंय का तुला?" मला एवढंच समजलं की माझी साठीला टेकलेली मावशी वीस वर्षांची दिसते आहे.

पुढचे तीन आठवडे आमच्याकडे सणच होता. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकबाई दिल्ली परिसरातल्या याच कुळावर पुस्तक लिहीत होत्या. मावशी त्यांना वर्षानुवर्षं नमुने नेऊन द्यायची आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून परत यायची. त्या स्वतः गाडी काढून टेकडीवर आल्या. त्यांनी भिंग लावून फूल पाहिलं आणि मावशीला म्हणाल्या की हे तुम्हीच विभागात सगळ्यांसमोर मांडा, तुमच्याच नावाने छापू. इतक्या वर्षांत तिला "तुमच्या नावाने" असं कोणी म्हटलं नव्हतं. मंडळात तर वेगळंच वारं शिरलं. काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, दर वर्षी जाणाऱ्या मंडळींनी ठरवूनच टाकलं की मराठ्यांच्या बैलांच्या वैरणीतून हे बी आलं असणार. सेक्रेटरी त्यावर भाषण करणार होते. मावशीने त्यांना पुन्हा दिवाणावर बसवलं आणि सांगितलं की लढाई पानिपतावर झाली, गुरगावच्या टेकडीवर नाही. पण मनातून तीही खूष होती, हे तिच्या दुसऱ्या चहावरून कळत होतं.

आणि मग मांडणीच्या आदल्या दिवशी ती गोष्ट झाली. संध्याकाळी मी एक फांदी साळवेकाकूंना दाखवायला नेली. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या टेकडीवर कधी चढल्या नव्हत्या, आणि तोडलेल्या फांद्या मावशी थेट सरोजिनी नगरला गादीखाली न्यायची. म्हटलं, बघा तरी मावशीचा शोध. काकूंनी चष्मा लावला, फांदी फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे तर वाण आपलं," त्या म्हणाल्या.

मला अर्थ लागेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार संक्रांतींपूर्वी मावशीने हळदीकुंकवाला अबोलीच्या बियांच्या पुड्या वाटल्या होत्या. बी माहेराहून आलेलं. काकूंनी ते कुंडीत पेरलं. दोन-तीन अबोलीची रोपं आली ती दिल्लीच्या थंडीत गेली आणि उरलं ते हे खरखरीत झुडूप. काकूंनी क्वार्टर सोडताना कुंडी इकडे आणली, पण झुडूप पसरायला लागलं तेव्हा उपटून मागच्या भिंतीवरून टेकडीच्या बाजूला टाकून दिलं, शेंगांसकट. मावशीला का नाही सांगितलं? काकू माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघू लागल्या. "वाणाला कोणी नावं ठेवतं का?" आणि त्या एकट्या नव्हत्या. बाकीच्यांकडेही हेच झुडूप आलं होतं. सगळ्यांनी आपापसात बोलून मावशीपासून लपवलं होतं. मावशीने विचारलं की सगळ्या म्हणायच्या, हो हो, अबोली छान फुलली. एकीने तर रामकृष्णपुरमच्या देवळाबाहेर अबोलीची वेणी विकत घेतली आणि ती माळून, तुमच्या वाणाची म्हणून, मावशीला दाखवून आली होती.

काकू बोलत होत्या, पण मला पुढचं ऐकू येईना. कारण त्या पुड्या मी बांधल्या होत्या. बारावीत असताना, आमच्या जुन्नरच्या घराच्या गच्चीवर. आईने अबोलीच्या शेंगा जुन्या साडीखाली वाळत टाकल्या होत्या, शेजारी बांधावरच्या जांभळ्या कोरांटीच्या. उन्हात त्या तडकल्या आणि बी इकडचं तिकडे उडालं. आईने निवडून पुड्या करायला सांगितलं होतं. मला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी सगळं एका सुपात लोटलं, पंचवीस पुड्या बांधल्या, वर कुंकवाचं बोट लावलं आणि मोकळी झाले. आणि मावशीने, जिने बी हातात घेतलं असतं तर क्षणात ओळखलं असतं, तिने वाणाची पुडी उघडून बघायची नाही म्हणून ती तशीच वाटली.

काकू म्हणाल्या, सांगू नकोस. उद्या तिचा दिवस आहे, होऊन जाऊ दे. कोणाला कळणार आहे? खरं सांगते, मलाही ते पटत होतं. पण सकाळी मी मावशीकडे गेले, सरोजिनी नगरहून आम्ही विद्यापीठाकडे जायला रिक्षात बसलो, मावशीने नारायणपेठी नेसली होती, मांडीवर फायलीत ती फांदी, आणि ती दर दोन मिनिटांनी फाईल उघडून बघत होती... मला राहवलं नाही. सांगून टाकलं. पुड्या, सूप, मैत्रीण, भिंत, सगळं.

तिने फाईल मिटली. धौला कुआँ मागे पडलं, रिजच्या जंगलाची झाडी सुरू झाली, तरी तिने ती पुन्हा उघडली नाही. मी इतकी घाबरले होते की रिक्षातून उतरून पळून जावंसं वाटत होतं. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "एवढं एक नाव लागणार होतं गं माझं." पदराने डोळे पुसले. मी तिचा हात धरला. आणि पुढच्या सिग्नलला ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"पुड्या किती होत्या म्हणालीस?"

"पंचवीस."

"आणि दिवस माहीत आहे. संक्रांत. घरं माहीत आहेत. अगं मेधा, एखादं झाड परक्या मुलखात किती वर्षांत किती लांब जातं, हे कोणाला कधी इतकं नेमकं सापडतं का? आपल्याला सापडलंय! भैया, ज़रा तेज़ चलाओ ना."

मावशी विभागात उभी राहिली आणि तिने अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सगळं सांगितलं. वाण म्हणजे काय, त्याला नावं का ठेवत नाहीत, अबोलीची विकतची वेणी, सगळं. माझं नाव मात्र घेतलं नाही, "हमारे घर की एक लड़की" एवढंच. लोक हसून हसून बेजार. शेवटी प्राध्यापकबाई म्हणाल्या की हरकत नाही, बाहेरून येऊन रुजलेली म्हणून नोंद करता येईल, आणि ती तुमच्याच नावाने. फक्त झुडपं टेकडीवर आहेत तशी राहू द्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीने फक्त विचारलं, "और वहाँ जो पहले से हैं, उनका क्या?" टेकडीच्या त्याच भेगांमध्ये इथली पिवळी कोरांटी होती, आणखी दोन बारकी भावंडं होती. जांभळी दर वर्षी शेंगा तडकवणार आणि त्यांची जागा घेणार. "मैंने ही बाँटा है, मैं ही निकालूँगी," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मावशीने पंचवीस घरं गाठली. नोएडा, फरीदाबाद, गाझियाबाद, जिथे जिथे तिच्या मैत्रिणी राहायला गेल्या तिथे बस बदलत गेली. दार उघडल्याबरोबर विचारायची, "खरं सांग, अबोली नाही ना आली?" बायका आधी लाजायच्या, मग तोंडाला पदर लावून हसायच्या, मग एकेकीची कबुली. बहुतेकींनी झुडूप केव्हाच फेकलं होतं, तीन-चार ठिकाणी कुंपणाला उभं होतं, ते निघालं. मोकळ्या रानात गेलं होतं ते फक्त टेकडीवर. मग शेंगा पिकायच्या आत, दर कार्तिकात, या सगळ्या बायका डब्यात थालीपीठं घेऊन साळवेकाकूंकडे जमू लागल्या आणि जुन्या साड्यांचे पदर खोचून टेकडी चढू लागल्या. पहिल्या वर्षी गोणी भरली. मावशी एकेक झुडूप मुळासकट काढायची, फूल एकदा नाकाशी न्यायची आणि गोणीत टाकायची. वास नसतो त्या फुलाला, तरी. काही आवडतं म्हणून ते तिथे असलंच पाहिजे असं नाही, हे मी तिच्या हाताकडे बघून शिकले. दुसऱ्या वर्षी पिशवीभर निघाली, मग मूठभर, मग एक-दोन. प्रत्येक वर्षाचा आकडा ती एका वहीत लिहायची. प्राध्यापकबाईंचं पुस्तक छापून आलं तेव्हा तिने घाईघाईने कोरांटीची पानं काढली, वरून खाली बोट फिरवलं आणि ओरडली, "नाहीये! मेधा, नाहीये बघ!" जांभळीचा उल्लेखच नव्हता, कारण दिल्लीच्या मुलखात ती उरलीच नव्हती. मावशीचं नाव आभाराच्या पानावर होतं, बऱ्याच नावांच्या मधे. ते तिने नंतर केव्हातरी, चहा पिता पिता पाहिलं.

गेल्या रविवारी मी साळवेकाकूंना घेऊन टेकडीवर गेले. कार्तिक संपत आला आहे आणि मावशी नाही म्हणून जायचं नाही, असं कसं चालेल? टेकडी आता अर्धीच उरली आहे, बाकीच्या अर्ध्यावर टॉवर. काकू सत्तरीच्या पुढे, हातात काठी, पण खालचा भाग त्यांनीच घेतला. मी वरच्या भेगा पाहिल्या. एकेक दगड, एकेक खाच. पिवळी होती, भरपूर. तिची ती बारकी भावंडंही होती. दर वेळी काही जांभळं दिसलं की मी गुडघ्यावर बसून बघायचे, आणि ती भलतीच कसली तरी फुलं निघायची. तीन तास आम्ही शोधत होतो. टॉवरचा गार्ड मघापासून आमच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला.

"मैडम, क्या खो गया? मिला?"

"नहीं मिला, भैया," मी म्हटलं.

"बिल्कुल नहीं मिला," काकू म्हणाल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून लहान पोरींसारख्या हसायला लागलो, आणि काकूंच्या गालावरून पाणी वाहत होतं. तो बिचारा गोंधळून गेला. धीर द्यायला म्हणाला, "कोई बात नहीं आंटी, अगले साल मिल जाएगा."

काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी दगडावर बसले, वही उघडली आणि मावशीच्या अक्षराखाली या वर्षाचं शून्य लिहिलं.